दात काढून

त्याची हौस गेली ती एका मंगळवारी, दुपारी सव्वाबाराला, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. कुणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. लोकांना कारण लागतं. नसलं तर आपल्या पदरचं चिकटवून देतात. इथे कारण नव्हतं. हौस गेली, आणि जाताना दाराचा आवाजसुद्धा झाला नाही.

तो कवळ्या करायचा. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतून जबडा उठवायचा, मेणाची हिरडी चढवून एकेक दात मांडायचा, मग त्या मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी यायची, ती घासूनपुसून डबीत घालून पोचती करायची. सव्वीस वर्षं हेच. फोटोमंडळातले लोक त्याला बत्तीशी म्हणत आणि तो ओ देत असे, कारण ओ न देऊन बत्तीशी काही सुटणार नव्हती.

त्या मंगळवारी तो अशीच एक डबी घेऊन गेला होता. बाहेरच्या खोलीत भिंतीशी पाच खुर्च्या. शेवटच्या खुर्चीतले आजोबा नुकतेच आत गेले होते आणि रेक्झिनच्या बैठकीवर त्यांच्या बसण्याचा खळगा हळूहळू वर येत होता. खिडकीतलं ऊन त्या खळग्यात ताटलीतल्या पाण्यासारखं साचलं होतं. बत्तीशी जगत आला होता तो अशाच क्षणासाठी. चोवीस वर्षं तो नुकत्याच रिकाम्या झालेल्या खुर्च्यांचे फोटो काढत होता. न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची, शिंप्याचं स्टूल, बसथांब्यावरचा बाक, गोदामाच्या दारातली पहारेकऱ्याची प्लास्टिकची खुर्ची, जिचा चौथा पाय म्हणजे तीन विटा. माणूस उठून गेला की दहा-पंधरा सेकंद खुर्ची त्याचीच असते. त्याची ऊब, त्याचा कल, त्याचं डावीकडे रेलणं, सगळं तिथे रेंगाळतं आणि मग विरतं. ते विरायच्या आत बटण दाबायचं. माणसांना ‘फोटो काढू का’ असं विचारायची बत्तीशीची छाती नव्हती, हे खरं. पण माणसापेक्षा त्याची खुर्ची कमी खोटं बोलते, हेही त्याला मनापासून वाटायचं.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि त्याला खुर्ची दिसली.

नुसती खुर्ची. चार पाय, एक पाठ, कडेला उसवलेलं रेक्झिन. आजोबा कुठे नव्हतेच. त्यानं डोळा चोळून पुन्हा लावला. खुर्ची. शेजारची, तिच्या शेजारची, सगळ्या दुकानात मांडून ठेवल्यासारख्या मख्ख. त्यानं कॅमेरा पिशवीत घातला, डबी दिली, सही घेतली आणि घरी आला.

पुढचे आठ महिने तो पाण्याखालून चालल्यासारखा चालला. सगळं दिसायचं, पण पलीकडून. त्याच्या कामाच्या खोलीत दुपारी ऊन टेबलावर चढायचं. प्लास्टरचे जबडे ओळीनं हसत बसलेले असायचे, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसायचं. घासायचं चाक बंद केलं की पांढरी भुकटी हवेत तरंगत राहायची, कितीतरी वेळ, खाली यायचं विसरल्यासारखी. पूर्वी तो ती भुकटीसुद्धा बघत बसायचा. आता फडक्यानं पुसून मोकळा व्हायचा.

आणि उपदेश! हौस गेलेला माणूस दिसला की ज्याला त्याला कंठ फुटतो. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, नवी लेन्स घे. चिटणीस म्हणाले, डोंगरावर जाऊन ये. एक बाई म्हणाल्या, रोज एक फोटो काढायचा नेम धर, एकवीस दिवसांत सवय लागते. सवय तर नखं कुरतडायचीही लागते! आणि सगळ्यांत संतापजनक म्हणजे, विश्रांती घे, येईल आपोआप. आपोआप पांढरे केस येतात, दुसरं काही येत नाही. यांतल्या एकालाही हे म्हणायचं सुचलं नाही, की गेली का रे, वाईट झालं.

ते म्हणाला फक्त चष्मेवाला. नाक्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळात हाच काय तो बत्तीशीचा दोस्त.

“वाईट झालं रे,” चष्मेवाला म्हणाला. मग जरा थांबून, “माझा कॅमेरा जिन्यावरून गडगडला. तुझा कपाटात घोरत पडलाय. मला देतोस?”

“ने.”

“रविवारी येतो.”

“ये.”

“परत नाही ना मागणार?”

“नाही.”

चोवीस वर्षं अशी दोन-तीन शब्दांत गुंडाळली गेली. बत्तीशीला वाटलं होतं आत कुठेतरी काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

घरात तिघं. तो, बायको आणि सासूबाई. बायको तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायची. संध्याकाळी यायची तेव्हा बोटं सुरकुतलेली आणि केसांना औषधाचा वास. सासूबाई एक्याऐंशीच्या. हातमोज्यांच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं शिलाई केलेली, त्यामुळे समोरच्याशी बोलताना त्या आधी त्याच्या हातांकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. उजवा कान गेलेला. डावा कान मात्र असा, की नको ते पहिलं ऐकायचा. चार वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हाच त्यांचे उरलेले दात काढले. साचा डॉक्टरीणबाईंनी घेतला, कवळी जावयानं केली. मन लावून केली. वरच्या ओळीत एक दात त्यानं मुद्दाम जरासा तिरका बसवला, खरा वाटावा म्हणून.

सोमवारी बायको टॉवेल वाळत घालता घालता म्हणाली, “आईचं आज काही खरं नाही. सकाळपासून गप्प आहे.”

“का?”

“मावशी. काल फोनवर चित्र लावून दिलं दोघींना समोरासमोर. मावशी बघतच राहिली. म्हणाली, ही कोण बाई? केवढे दात हिचे! आणि फोन ढकलून दिला.”

मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. दूर तिच्या लेकीकडे असायची. वर्षभरात तिचं स्मरण ओसरत ओसरत पार लहानपणापाशी जाऊन थांबलं होतं. फोनमधली हलती माणसं बघून ती घाबरायची. कागदावरचे फोटो मात्र दिवसभर हातात धरून बसायची, त्यांच्याशी बोलायची.

“दोघींच्यात तेरा महिन्यांचं अंतर,” बायको सांगत होती. “एकाच थंडीत दोघींचे पुढचे दात पडले. आजी म्हणायची, माझ्या घरात दोन बोळकी आहेत, एक थोरलं, एक धाकटं. मावशी आता तेच बोलत असते, धाकटं बोळकं कुठे गेलं, धाकटं बोळकं कुठे गेलं. आणि आईचं डोकं बघ कसं चालतं, म्हणते मी बिनदातांची दिसले तर ताई मला ओळखेल. मी म्हटलं, वेड लागलं का तुला? चांगले दात असताना कुणी असा फोटो पाठवतं का? मी नाही हं काढणार.”

“चांगलेच आहेत,” बत्तीशी म्हणाला. “मीच केलेत.”

त्यानं ऐकलं. म्हणजे कानावर पडलं. आठ महिने सगळं असंच नुसतं पडत होतं, कानावर, डोळ्यांवर.

बुधवारी बायको तलावावर गेलेली असताना सासूबाईंनी हाक मारली. त्या खिडकीशी बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर त्यांचाच एक जुना फोटो होता, कारखान्यातून निवृत्त झाल्या त्या दिवशीचा, हातात प्रशस्तिपत्र आणि तोंडभर हसू. दुपारी त्याच्या काचेवर ऊन पडून त्यांच्या डोळ्यांवर तिरीप यायची.

“जावई, एक काम होतं. माझा फोटो काढा ना तेवढा.”

“काढतो की, आई.”

तो स्टुलावर चढला. सासूबाई जरा सावरून बसल्या, केसांवरून हात फिरवला. त्यांना वाटलं जावई उंचावरून काढणार, असेल काही तंत्र. जावयानं भिंतीवरची तसबीर उतरवली, काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. मग हात झटकून कामाच्या खोलीत निघून गेला. सासूबाई बराच वेळ तशाच ताठ बसून होत्या.

शुक्रवारी त्यांनी विचारलं, “जावई, फोटोचं काय झालं?”

“काढला ना.”

“कधी?”

“बुधवारीच. तुम्ही समोरच होता.”

“मी होते? मला कळलंच नाही. कसा आलाय?”

“कसा म्हणजे? आहे तसाच आहे.”

“दाखवा बघू.”

“आता माळ्यावर ठेवलाय, आई. परत खाली काढू?”

सासूबाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग समोरच्या भिंतीवरच्या फिक्या चौकोनाकडे. आणि मग त्या अशा हसल्या, की त्यांची खालची कवळी सुटली आणि त्यांनी घाईनं तोंडावर हात घेऊन भिंतीकडे तोंड फिरवलं. चार वर्षं एका घरात राहून त्यांनी जावयाला आपलं बोळकं कधी दिसू दिलं नव्हतं. सकाळी कवळी बसवल्याशिवाय खोलीचं दार उघडत नसत.

“अहो शहाणे,” त्या भिंतीशीच बोलल्या, “भिंतीवरचा नाही. माझा. कॅमेऱ्यानं.”

बत्तीशीला सांगायचं होतं की आई, माझ्याच्यानं आता होत नाही. पण हे सांगायचं तर काय होत नाही ते सांगावं लागतं.

“कॅमेरा रविवारी द्यायचाय,” तो म्हणाला.

“मग रविवारी द्यायच्या आधी काढा. ताईला पाठवायचाय. आणि दात काढून काढा हं.”

“बरं,” तो म्हणाला. तो काय समजला असेल ते निराळं सांगायला नको. फोटो काढताना सगळं जग दात काढतं. त्यात विशेष काय?

रविवारी दुपारी जेवणं झाली. बायको आतल्या खोलीत आडवी झाली. घर शांत झालं, नळाचं थेंब थेंब ऐकू यावं इतकं. खिडकीचा पडदा आत फुगायचा, थांबायचा, परत बाहेर ओढला जायचा. सासूबाई खिडकीशी बसलेल्या, केस ओले करून चापून बसवलेले. बत्तीशीनं कपाटातून कॅमेरा काढला. पट्ट्याला कुबट वास लागला होता. डोळ्याला लावला.

त्याला कवळी दिसली.

म्हातारी नाही, सासूबाई नाही, कवळी. स्वतःचं काम. दातांच्या रंगाच्या पट्टीतली तिसरी छटा, वरचा तो मुद्दाम तिरका ठेवलेला दात, ज्याचं त्याला केवढं कौतुक वाटायचं. आता तो नाटकातल्या चांगल्या नटासारखा दिसत होता, म्हणजे नटासारखाच.

“हसा,” तो म्हणाला.

“हसू कशाला? दात काढून म्हटलं ना मी.”

“हो, तेच. काढा ना दात.”

सासूबाईंनी हात तोंडाकडे नेला.

“हात खाली, आई. हात मध्ये येतोय.”

त्यांनी हात खाली घेतला. गोंधळल्या. त्यानं बटण दाबलं. “आता परत. काढा दात.” त्यांचा हात पुन्हा वर. “अहो हात! लाजू नका. हात मांडीवर.” हात मांडीवर. खटक. “आता छान मोकळे दात काढा.” हात वर. “आई, हात!”

असं चारदा झालं. पाचव्यांदा त्यानं कॅमेरा खाली घेतला. छोट्या पडद्यावर चार फोटो होते, चारही दवाखान्यात लावायच्या जाहिरातीचे. तो स्टुलावर टेकला.

“नाही होत,” तो म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणापुढे म्हणाला. “मला काही दिसतच नाही, आई. आधी दिसायचं. आता वस्तू दिसतात फक्त. चष्मेवाला येईल एवढ्यात, त्याला सांगतो काढायला.”

“चष्मेवाल्याला कशाला सांगता?” सासूबाई कडाडल्या. “तुम्हाला साधं मराठी कळत नाही त्याचं काय? दात काढून म्हणजे दात काढून! हे असे!”

आणि त्यांनी अंगठा घालून चट् आवाज करत वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवल्या. ओल्या, कोमट.

“हे तुमचे,” त्या म्हणाल्या. आता शब्दांतून वारा येत होता. “धरा. तोंड माझं. माझा काढा.”

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. जावयासमोर असं तोंड उघडं टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, ते त्याला तेव्हा कळलं. आणि दुसरंही एक कळलं. सव्वीस वर्षांत त्यानं एकही असं तोंड पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी येतच नसे, साचा यायचा. प्लास्टरचा जबडा म्हणजे त्याच्या लेखी भरून काढायचा खड्डा. त्याच्यावर नाक असतं, डोळे असतात, ते डोळे बघतात, हे त्याच्या टेबलापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

आता ते बघत होते. ओठ आत दुमडून गेले होते, हनुवटी नाकाच्या भेटीला वर आली होती, गाल गोळा होऊन डोळ्यांखाली आले होते आणि डोळे केवढे तरी मोठे झाले होते. म्हातारपण अधिक दिसायला हवं होतं, नाही का? झालं उलटंच. कवळीनं ताणून धरलेलं सगळं सैल सुटलं आणि त्या सुरकुत्यांच्या आतून कुणीतरी लहान डोकावलं. गंमत कळलेलं, कुणाला सांगू नका म्हणणारं.

“बघताय काय?” सासूबाई म्हणाल्या.

“थांबा,” तो म्हणाला. “हलू नका. नाही, हला. हला, बोला.”

“काय बोलू?”

“मावशींचं सांगा. त्या थंडीतलं.”

त्या सांगू लागल्या. अर्धे शब्द हवेतच विरघळत होते. ताईचा दात आधी हलायला लागला होता, म्हणून ताईचा तोरा. आणि पडला आधी धाकटीचा, पाव कुरतडताना. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताईनं दाराच्या कडीला दोरा बांधला, दुसरं टोक दाताला, आणि धाकटीला सांगितलं, लाव दार. “मी लावलं. रडत रडत लावलं. रडत मी होते, ती नाही.” बत्तीशी ऐकत होता की बघत होता, ते त्याला वेगळं करता येत नव्हतं. पडदा फुगत होता, बसत होता. ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं आणि जमिनीवरून सासूबाईंच्या गुडघ्यावर चढलं. खोली कुठेतरी वाहत चालली होती आणि दोघंही तिच्यात बसले होते. घंटा वाजली ती त्याला फार लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरची वाजल्यासारखी वाटली.

दार बायकोनं उघडलं. चष्मेवाला आत आला, काखेला कॅमेऱ्यासाठी आणलेली रिकामी, मऊ अस्तराची पिशवी.

“काय रे, तयार आहे ना…”

“ती चादर घे,” बत्तीशी वळून न बघता म्हणाला. “पांढरी. अशी धर, त्यांच्या डाव्या गालावर उजेड पडू दे. आणि हे धर.”

“हे काय?”

“दात.”

“कुणाचे?”

“आईंचे. म्हणजे माझे. धर रे!”

चष्मेवाल्यानं एका हातात कवळी आणि दोन्ही हातांत चादर कशी धरली ते त्याचं त्याला माहीत. बायको दारातच थबकली होती. आईला तशी बघून तिनं तोंड उघडलं, ओरडायलाच असेल, मग नुसतंच उघडं ठेवलं.

“हा पडदेवाला कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“मी चष्मेवाला, आजी.”

“मग जरा वर धरा. दिसत नाही का तुम्हाला?”

त्या हसल्या. आणि हसता हसता, स्वतःलाही नकळत, जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी वरच्या हिरडीवर फिरवलं, दात नुकताच पडलेलं पोर रिकामी जागा पुन्हा पुन्हा चाचपून बघतं तसं. खटक.

त्यानं ते पडद्यावर बघितलंसुद्धा नाही. आलंय हे त्याच्या बोटाला कळलं होतं. आठ महिने बोटाला काही कळलं नव्हतं.

चष्मेवाल्यानं चादरीची घडी घातली, कवळी बशीत ठेवली. कॅमेऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही. रिकामी पिशवी घेऊन तो जिना उतरायला लागला आणि अर्ध्यावरून ओरडला, “लेन्स पुसत जा रे, गाढवा! बुरशी लागलीय!”

सोमवारी बत्तीशी फोटो छापायच्या दुकानात गेला. तिथल्या माणसाचं पोट टेबलाला टेकलेलं आणि कानामागे पेन्सिल. त्यानं फोटो संगणकावर उघडला, मान तिरकी केली आणि च्यक् केलं.

“साहेब, आजींचं तोंड फारच बसलंय हो. भरून देऊ? दोन मिनिटांत दात टाकतो. असे झकास टाकतो, कुणाला कळणार नाही. जीभ पण आत घेऊ, बरं नाही दिसत.”

बत्तीशी आयुष्यात कुणाच्या अंगावर गेला नव्हता. कवळी चुकली म्हणून डॉक्टर फोनवर झापायचे, तेव्हासुद्धा हा ‘हो डॉक्टर’ म्हणायचा. पण आता त्याची कानशिलं तापली.

“हात लावू नका,” तो म्हणाला. “दात बसवायचा धंदा माझा आहे, तुमचा नाही. एक सुरकुती हलवलीत तर बघा. आहे तसा छापा.”

“अहो, चांगल्यासाठी सांगत होतो…”

“चांगलाच आहे तो! मी काढलाय!”

दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो लाल झाला, पण मागे सरला नाही. छापून आलेला कागद त्यानं उजेडात धरून तीन वेळा तपासला, तेव्हाच पैसे दिले. घरी येताना त्याच्या लक्षात आलं की आपण भांडलो. आणि भांडायला आत काहीतरी असावं लागतं, ज्याच्यासाठी भांडायचं.

बायकोनं पाकिटावर पत्ता घातला. फोटोकडे ती बराच वेळ बघत होती. “मी हिला अशी कधी बघितली नव्हती,” एवढंच म्हणाली, आणि पाकीट टाकायला स्वतः गेली.

पुढचे सहा दिवस सासूबाईंनी फोन वाजला की मान वळवायची आणि आपल्याला काही पडलेली नाही असं दाखवायचं, यात घालवले. “नाही ओळखलं तर नाही ओळखलं,” त्या म्हणायच्या. “ताई आहे, परीक्षा नाही.” आणि नखानं खुर्चीच्या हाताची शिवण उसवत बसायच्या. अडतीस वर्षं शिवण घालणारी बाई.

सातव्या दिवशी दुपारी फोन आला. मावसबहिणीचा. बायकोनं आवाज मोठा केला.

“काय पाठवलंत तुम्ही हे!” पलीकडून ती हसत होती की रडत होती कळेना. “आईनं फोटो बघितला आणि किंचाळली. हिचे सगळे पडले! माझे का नाही पडले? मग स्वतःची कवळी काढली आणि खिडकीतून भिरकावली. खाली कुंडीत जाऊन पडली, आत्ता धुऊन आणली. तासभर फोटोला रागावतेय. धाकटं बोळकं, लबाड, नेहमी माझ्या आधी करतेस म्हणून. थांबा, फोन तिच्या तोंडाशी धरते. ती फोटोशी बोलेल, तुम्ही आपलं बोला.”

खरखर झाली. मग एक म्हातारा, पोकळ, चिडका आवाज आला. शब्द एकही धड नव्हता, सगळा वाराच.

सासूबाई ताडकन उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि अंगठा घालून दोन्ही कवळ्या काढून टेबलावर टाकल्या. भिंतीकडे वळल्या नाहीत, कुणाकडे बघितलं नाही. डावा कान फोनला लावला आणि त्याच भाषेत ओरडून उत्तर दिलं. पलीकडून आणखी ओरडा आला. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं आणि दोघींना सगळं कळत होतं. बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि सुरकुतलेल्या बोटांनी डोळे पुसायला लागली.

बत्तीशी कामाच्या खोलीच्या दारात उभा होता. हातांवर प्लास्टर वाळलेलं. आत चाक अजून फिरत होतं, ते बंद करायचं राहिलं होतं. त्यानं हात पँटला पुसले, खुंटीवरचा कॅमेरा उचलला आणि खोलीत आला. नेहमीसारखा कोपऱ्यातून नाही, सरळ समोर. इतका समोर, की सासूबाईंनी मोकळ्या हातानं त्याला ढकललं.

“अहो, सरका की! बोलतेय ना मी! किती काढणार?”

“एकच,” तो म्हणाला, आणि धादांत खोटं बोलला.